हौसाक्काची सुरगाठ

हौसाक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाठ बघायची. पेठेत नवा हमाल आला की ती त्याच्या मागं जाऊन उभी राहायची, मानेखाली दोन बोटं टेकवायची, दोन्ही खांदे चाचपायची आणि मग पुढं येऊन नाव विचारायची. मीही त्यातून सुटलो नाही. सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात मी दिवाणजी म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी माझ्या पाठीत कुणीतरी बोटं रुतवली. वळून पाहिलं, तर हिरवं लुगडं नेसलेली, पन्नाशीची, काटक बाई. अंबाड्यात फुलाच्या जागी दाभण खोचलेला. "लिवणाऱ्याची पाठ हाय," ती हमालांना म्हणाली, "वाकल्याली. हिच्यावर वझं नगं रं देऊ कुणी. नुसती वही द्या." सगळे हमाल हसले. मला राग आला. तो राग चार दिवसांत गेला. पुढं जो राग आला तो तिच्यावरचा नव्हता, आणि तो इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

फाटकी पोती सांधणं हे तिचं काम. गोदामाच्या दाराशी बारदानाच्या ढिगावर बसून ती दिवसभर दाभण चालवायची. बोटं हळदीनं कायमची पिवळी, दातात सुतळीचं टोक. पोतं पाठीवर कसं बसतं याची जितकी जाण तिला होती तितकी ते वाहणाऱ्या हमालांनाही नव्हती. "आक्का, खांदा भरून आलाय," म्हणत कुणी आला की ती लेप सांगायची नाही, त्याचं पोतं बघायची. "कान खाली बांधलायस. वझं तुला मागं वडतंय आन तू पुढं वाकतुयास. जड ते वर घ्यावं, खांद्याच्या फऱ्याला टेकवावं. ढुंगनावर घिऊन चालायला ती काय झोळी हाय?" माणूस पोत्याचा कान वर बांधून जायचा आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन यायचा नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वझं किती, ते पाठ सांगती. वझं टाकायचं कसं, ते गाठ सांगती." थप्पीवर फळी लावून हमाल पोती चढवतात. त्या फळीवरून पाय घसरला तर ज्याला पाठीवरचं पोतं टाकता येतं तो वाचतो आणि ज्याला येत नाही तो पोत्याखाली जातो. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, दोनदा. म्हणून कुणी पोत्याला आधाराला पट्टा बांधला की ती उठून त्याच्या छातीवरची गाठ ओढून बघायची. सुरगाठ असली तर गप्प बसायची. निरगाठ असली तर तिथंच सोडायला लावायची. "एका हिसक्यात सुटत न्हाई ती गाठ न्हवं गड्या, फास हाय."

ती मूळची जतकडची. बाप मेंढरं राखायचा. त्या भागात मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात तो कळप ओळखू यावा म्हणून, असं मी समजत होतो. तिनं मला दुरुस्त केलं. "वळखायला व्हय, पर आदी दिसायला. तांबूस माळ, तांबूस मेंढरू. खाली बसलं की गेलं. आमचा बा म्हणायचा, ज्येला हुडकायचं त्येचा रंग मातीचा नसावा." हे वाक्य मी त्या दिवशी नुसतं ऐकून घेतलं. वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि कृष्णा पुन्हा भरून वाहायला लागली होती. पावसाळ्यात पाणी चढलं की नदीकाठच्या मळ्यांतली माणसं अडकायची, आणि त्यांना काढायला जायचे कोण, तर आमचे हमाल. पोहणारे, अंगानं दणकट, आणि 'जातो' म्हणायला कुणाची वाट न बघणारे. मग पेठेतल्या व्यापाऱ्यांनी एक पूरमदत मंडळ काढलं. समितीत सात व्यापारी. पाण्यात उतरायला तीस हमाल. माझं अक्षर बरं, म्हणून मी चिटणीस. आदल्या वर्षी हमाल गळ्यात दोरखंड, दातात बॅटरी आणि हातात औषधाची पेटी घेऊन गेले होते. त्यातलं निम्मं सामान नदीनं नेलं. तेव्हा ठरलं की तीस जणांना पाठीवर बांधायच्या पिशव्या घ्यायच्या. पिशवी कशी असावी हे हौसाक्काला विचारावं असं मी सुचवलं. या सगळ्या प्रकरणात तेवढी एक गोष्ट मी बरी केली.

तिनं ते काम लग्नाच्या घरासारखं अंगावर घेतलं. कुठल्या कापडाचा रंग पुरात टिकतो हे बघायला गोदामाच्या मागं तारेवर पाच रंगांची फडकी टांगली. ऊन, पाऊस, वर रोज नदीचा एक तांब्या गाळ. संध्याकाळी शंभर पावलं लांब जाऊन उभी राहायची आणि हात कपाळाला लावून बघायची. मलाही उभं करायची. "सांगा, कंचं दिसतंय?" पहिल्यांदा तिनं हळदीत बुडवलेलं फडकं लावलं होतं, कारण हळद आमच्या पेठेत ढिगानं. ते चार दिवसांत विटलं. "हळद नवऱ्याला पुरती," ती म्हणाली, "पावसाला न्हाई पुरत." लाल फडकं आभाळ आलं की काळं दिसायचं. हिरवं उसात जमा. पांढऱ्याचं तर तिनं मला घाटावर नेऊन दाखवलं. पाण्यावर फेसाचे गोळे वाहत होते, त्यातला एक गोळा आणि पांढरं फडकं यांत फरक कळेना. उरलं ते शेंदरी. एका मांडववाल्याकडून आणलेल्या जुन्या कनातीचं जाड कापड. महिनाभर तारेवर राहूनही ते आवाराच्या फाटकाशी उभं राहून पाहिलं तरी डोळ्यांत भरायचं.

मग तिनं पिशवी शिवली, आणि ती धोंडीरामच्या पाठीवर बेतली. धोंडीराम हा पेठेतला सगळ्यांत चांगला पोहणारा. पलूसकडचा, पस्तिशीचा, बोलायला कमी. वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर ओझं घेऊन त्याचा डावा खांदा बोटभर खाली आला होता. त्याला दोन लहान मुली होत्या आणि हौसाक्का त्यांना पेठेतून रोज काहीतरी खाऊ बांधून द्यायची. तो बिचारा चार दिवस तिच्यासमोर पुतळ्यासारखा उभा राहिला. बाजेच्या रुंद नवारीचे पट्टे, म्हणजे खांद्याला काचणार नाहीत. दोरखंड वरच्या कप्प्यात, फऱ्यापाशी. तळाला तीन भोकं. "पाणी भरलं की पोतं माणसाला घिऊन जातंय. आत आल्यालं पाणी भाईर जायला वाट पायजे." आणि दोन्ही पट्टे छातीवर सुरगाठीनं बांधायचे. तिनं धोंडीरामला डोळे मिटायला सांगितलं, त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "टाक वझं." त्यानं एक हिसका दिला आणि पिशवी खाली पडली. मी हे बघितलं आहे. माझ्यासमोर घडलं आहे.

दरम्यान अध्यक्षांनी परस्पर एक खाकी पिशवी नमुना म्हणून मागवली होती. जाड कापड, झाकण, छातीवरून आडवा पट्टा आणि त्याला लोखंडी बक्कल. अध्यक्ष गुळाचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण आपण आणलेली वस्तू चुकीची असू शकते हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. हौसाक्का म्हणाली, "दोनी घाटावर निऊ या. डोळ्यांनी बघा आन मग ठरवा."

नदी तेव्हा निम्मी भरलेली, गढूळ. सातही जण घाटाच्या वरच्या पायरीवर बसले. चहा आला. पलीकडच्या काठाला दोघे गेले होते. एकाच्या पाठीवर शेंदरी पिशवी, धोंडीरामच्या पाठीवर खाकी. दोघांनाही तिनं पाण्याकडं पाठ करून चिखलात बसायला सांगितलं होतं. "दावा," ती म्हणाली. शेंदरी लगेच सगळ्यांनी दाखवली. "आता धोंडीराम दावा." एकानं झुडूप दाखवलं. दुसऱ्यानं एक म्हैस दाखवली. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तो बहुतेक अजून गेलाच नसेल. तेव्हा हौसाक्कानं पदर हलवला आणि शेंदरीपासून वीस पावलांवर धोंडीराम उठून उभा राहिला. "आवं, हितं ऊन हाय," ती म्हणाली, "पाणी शांत हाय, आन तुमी च्या पिऊन बसलायसा. तरी दिसंना. पुरात काय दिसनार हाय?"

यानंतर चर्चेला काही उरलं होतं का? मला वाटलं, नाही. मी वहीत शेंदरीचा ठराव अर्धा लिहूनही ठेवला होता. पण आपल्याकडं रंग हा नुसता रंग नसतो. बैठक बसली आणि एक सदस्य म्हणाले, शेंदरी हा देवाचा रंग, तो पाठीवर घेऊन चिखलात लोळायचं हे बरं दिसत नाही. दुसरे म्हणाले, देवाचा कसला, त्या अमुक मंडळाचा आहे, उद्या ते म्हणतील पथक आमचंच. मग लाल कुणाचा, निळा कुणाचा, हिरवा कुणाचा, यावर तासभर गेला. प्रत्येक रंगाला एक मालक निघाला. पिवळ्याला मालक नव्हता, तर एकजण म्हणाले, आमच्या पोरांना काय हळद लागलीय का? त्यावर सगळे हसले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, खाकी कुणाचीच नाही. खाकीत शिस्त दिसते. शिवाय वाटपाला मोठे पाहुणे येणार, फोटो निघणार, तीस माणसं एकसारखी खाकीत उभी राहिली की शोभा येईल. फोटो काळापांढराच निघणार होता, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. बुडणारा माणूस कुणाला दिसायला हवा, हा एकच प्रश्न होता, आणि तासाभरात तो कुणी विचारला नाही. मी अर्ध्या ठरावावर काट मारली आणि खाली लिहिलं: 'खाकी पिशव्या घेण्याचे सर्वानुमते ठरले.'

दुसऱ्या दिवशी हौसाक्का दुकानात आली. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं ते वाचा," म्हणाली. मी वाचलं.

"सर्वानुमते म्हंजी?"

"म्हणजे सगळ्यांच्या मतानं."

"त्यात मी हाय का?"

"आक्का, तुम्ही समितीत नाही."

"ऱ्हाऊ द्या माझं. धोंडीराम हाय का?"

"नाही. तो पथकात आहे. समितीत नाही."

तिनं दाभण अंबाड्यात खोचला. "मंजी ज्येंच्या पाठीवर जायचं त्यास्नी सोडून सगळे. आन हे तुमी तुमच्या हातानं लिवलं." मी म्हटलं, मी फक्त चिटणीस आहे, जे ठरतं ते लिहितो. असली वाक्यं मला फार सहज सुचायची. जाताना तिनं एवढंच मागितलं की येणाऱ्या खाकी पिशव्यांतली एक तिला द्यावी, चार दिवस पाण्यात भिजत घालते. "ते बक्कल मला बघू द्या. जाड कापाड भिजलं की फुगतंय. काटा भाईर निघंल का न्हाई, बघायचंय." मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, नव्याकोऱ्या पिशव्या काय भिजवायला आणायच्यात? पुराच्या कामाच्या पिशव्या भिजवायच्या नाहीत, हे मी त्या दिवशी ऐकलं आणि मान हलवून परत आलो.

वाटपाचा समारंभ झाला. तीस हमाल तीन ओळींत, धोंडीराम तिसऱ्या ओळीत, पाठीवर खाकी, अंगात खाकी सदरे. फोटो निघाला. हौसाक्का मांडवाच्या मागच्या बाजूला उभी होती, कारण तिला पाठी बघायच्या होत्या. पुढच्याच श्रावणात नदी चढली.

सकाळचे अकरा वाजले होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर काही जण अंधार होता, धुकं होतं, असं म्हणायला लागले. काही नव्हतं. भर दिवस होता. पलीकडच्या मळ्यात एक म्हातारा-म्हातारी खोपीच्या छपरावर अडकली होती. आमच्याकडं नाव एकच, ती खालच्या अंगाला गेलेली. तेव्हा धोंडीराम आणि आणखी एकजण काहिलीतून निघाले. गूळ करायची ती लोखंडी काहील. आमच्याकडं पूर आला की हीच नाव होते. त्या दोघांनी म्हाताऱ्या जोडप्याला उंचवट्यावर नेऊन सोडलं. परत येताना पाण्याखालच्या एका झाडाला काहील थडकली, फिरली आणि पालथी झाली. दुसरा गडी पोहत काठाला लागला. त्याच्या पाठीवर पिशवी नव्हती. पट्टा काचतो म्हणून सकाळीच त्यानं ती काढून टाकली होती. धोंडीराम आज्ञाधारक माणूस. त्यानं बक्कल लावलेलं होतं.

नाव परत आली आणि आम्ही पाचजण त्याला शोधायला निघालो. त्या नावेत मी होतो. पाण्यातून बाभळींचे शेंडे वर आलेले, त्यांत पालापाचोळा, काटक्या, कुणाची घोंगडी अडकलेली. सगळं एका रंगाचं. पाणी खाकी, गाळ खाकी, खोडं खाकी. आम्ही हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात आमच्या आम्हाला ऐकू येईनात. एका बाभळीजवळून आम्ही दोनदा गेलो. दोरखंडाच्या लांबीइतकी ती बाभळ आमच्यापासून दूर होती. मी त्या बाभळीकडं पाहिलं. नीट पाहिलं. मला गाळानं माखलेलं खोड दिसलं आणि मी नावाड्याला म्हणालो, पुढं चल.

घाटावर चाळीस माणसं उभी होती. कुणाला काही दिसत नव्हतं. हौसाक्का गोदामातून धावत आली, सगळ्यांत वरच्या पायरीवर चढली आणि कपाळाला हात लावून बघत राहिली. नंतर लोकांनी मला सांगितलं ते असं: ती एकाएकी म्हणाली, "त्यो बघा. त्या बाभळीत. डावा खांदा खाली हाय. त्यो धोंड्या हाय." तरी कुणाला दिसेना. मग ती म्हणाली, "हात छातीपाशी न्हेतोय. बक्कल सोडतोय. त्येला सुटंना." आणि तिनं डोक्यावरचा पदर काढून आम्हाला खुणा करायला सुरुवात केली. आम्ही नाव वळवली. उलट्या धारेला नाव वळवायला जितका वेळ लागतो तितका लागला. आम्ही पोचलो तेव्हा तो झाडालाच होता, पण पिशवीत पाणी भरून तिनं त्याला मागं, पाण्याखाली ओढलं होतं. बक्कल फुगलेल्या कापडात रुतलं होतं. दोघांनी ओढूनही काटा निघेना. शेवटी कोयत्यानं पट्टा कापला. धोंडीरामच्या उजव्या हाताची नखं तुटलेली होती.

शोकसभा भरली. अध्यक्ष बोलले, आणि चांगलं बोलले. धोंडीराम शेवटपर्यंत शिस्तीत राहिला, पाठीवरची पिशवीही त्यानं सोडली नाही, असं वीरमरण थोड्यांना येतं, असं म्हणाले. तेव्हा हौसाक्का उठली. ती ओरडली नाही. "वीरमरण न्हवं, सायेब," ती म्हणाली. "बकलानं मेला. सोडली न्हाई कसं म्हंता? सुटली न्हाई." मग ती माझ्याकडं वळली. "दिवाणजी, त्या दिवशीचं रजिस्टर वाचा. घाटावर काय बघितलं, आन कुनी काय म्हनलं, ते समद्यास्नी कळू द्या."

रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. मी म्हणालो, आज आणलेलं नाही.

तिनं मांडीवरच्या रजिस्टरकडं पाहिलं आणि मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. आत्तापर्यंत ती नेहमी आधी पाठ बघायची. "बरं," म्हणाली आणि निघून गेली. मला नोकरी होती, घर होतं, अध्यक्षांचा आमच्या मालकांशी रोजचा व्यवहार होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही मला आज पुरत नाही. त्यानंतर सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी गोदामाच्या दारातून गेलो की ती मान खाली घालून दाभण चालवायची. त्या सहा महिन्यांत तिनं मागून, मिळवून, कनातीच्या फाटक्या कापडाच्या पिशव्या शिवायला घेतल्या. एका वेळी एक हमाल येऊन पाठ करून उभा राहायचा आणि ती मापं घ्यायची. मला कुणी बोलावलं नाही.

वार्षिक बैठकीत मंडळानं नवा ठराव आणला. पथकाची साधनं पुरात उत्तम ठरली, सबब आणखी दहा खाकी पिशव्या घ्याव्यात. 'उत्तम ठरली' हे शब्द अध्यक्षांनी सांगितले आणि मला म्हणाले, लिहा. मी पेन खाली ठेवलं. मी उभा राहिलो आणि जुना ठराव मोठ्यानं वाचला. त्याच्या वरच्या ओळींवर मारलेली काट दाखवली, काटेखालचा शेंदरीचा अर्धा ठरावही वाचला. घाटावर धोंडीराम कुणाला दिसला नव्हता, कुणी म्हैस दाखवली होती, हे नावानिशी सांगितलं. हौसाक्कानं पिशवी भिजवायला मागितली आणि आपण दिली नाही, हे सांगितलं. शोकसभेत मी रजिस्टर आणलं नाही असं म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगितलं. मग त्यांच्यासमोरच 'सर्वानुमते'वर काट मारली आणि शेजारी लिहिलं: 'हौसाबाई, बारदान शिवणारी, यांचा विरोध होता. तो बरोबर होता.' अध्यक्ष म्हणाले, दिवाणजींची प्रकृती बरी दिसत नाही, त्यांना चिटणीसपदातून मोकळं करावं. ते मात्र खरोखरच सर्वानुमते झालं.

ही बातमी पेठेत माझ्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी गोदामापाशी आलो तर हौसाक्कानं दाभण बाजूला ठेवला. "फिरा मागं," म्हणाली. मी पाठ करून उभा राहिलो. तिनं मानेखाली दोन बोटं टेकवली, खांद्यापासून खांद्यापर्यंत वीत लावली. मग म्हणाली, "लय उशीर केलासा, दिवाणजी." मी हो म्हणालो. चार दिवसांनी माझी पिशवी तयार होती. शेंदरी, तळाला तीन भोकं, छातीवर सुरगाठ. देताना तिनं मला डोळे मिटायला लावले आणि अंगावर बादली ओतली. मी हिसका दिला. पिशवी पडली.

मंडळ कागदावर खाकीच राहिलं. पण पुढच्या पुरात एकाही हमालानं खाकी पाठीवर घेतली नाही. कुणी बंड केलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. गोदामातून निघताना प्रत्येकानं आपापली शेंदरी पिशवी उचलली, इतकंच. घाटावर हौसाक्का माझ्या शेजारी उभी होती. गढूळ पाण्याच्या त्या पसाऱ्यात शेंदरी ठिपके हलत होते. "मोजा," ती म्हणाली. मी मोजले. एकोणतीस. पुन्हा मोजले, पुन्हा एकोणतीस. "बरुबर हाय," ती म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दशक संपता संपता ती जतकडं भावाकडं गेली आणि तिकडंच वारली. मला महिन्यानं कळलं. तिचा फोटो कुठंही नाही. मंडळाच्या खोलीत मात्र तो वाटपाचा काळापांढरा फोटो अजून भिंतीवर आहे. तीस माणसं, खाकी, एकसारखी, शोभिवंत. ओल लागून चेहरे पुसट झालेत आणि नावं खाली लिहिलेली नाहीत, कारण तेव्हा कुणाला गरज वाटली नाही. अधूनमधून मी तिथं जातो. चेहऱ्यांकडं बघत नाही. तिसऱ्या ओळीवरून बोट नेत खांदे बघत जातो, आणि डावा खांदा बोटभर खाली असलेला माणूस आला की थांबतो.